सिगारेट कार्ड आधी उलटून बघा: नव्या संग्राहकासाठी सविस्तर मार्गदर्शक

जुन्या बाजारात एखाद्या डब्यात इंग्लिश जहाजांची, फुलांची, क्रिकेटपटूंची काडेपेटीएवढी रंगीत चित्रं सापडली, की बहुतेक जण चित्राकडे बघून भाव विचारतात. विकणाराही तेवढंच बघून भाव सांगतो. ही सिगारेट कार्डं, म्हणजे पूर्वी सिगारेटच्या पाकिटात मिळणारी चित्रं. पण अशा कार्डाची खरी माहिती मागच्या बाजूला असते: कंपनी कोणती, ब्रँड कोणता, मालिकेचं नाव काय, एकूण कार्डं किती आणि हे कितवं. कार्ड कुठल्या देशात विकलं गेलं आणि खरं आहे की नक्कल, याचा पहिला सुगावाही तिथेच लागतो. या लेखातल्या बहुतेक पायऱ्या या ना त्या प्रकारे त्या मागच्या बाजूशीच येतात.

एक आधीच सांगतो. या छंदासाठी सिगारेट ओढावी लागत नाही. कार्डं येणं बंद होऊन ऐंशीहून अधिक वर्षं झाली आहेत.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय किंमत कळत नाही

सुरुवात अमेरिकेत झाली. तेव्हा सिगारेटी कागदाच्या मऊ पाकिटात मिळत आणि खिशात चेंगरत. पाकीट ताठ राहावं म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालायचे. तो कोरा कशाला ठेवायचा, असा विचार कोणीतरी केला आणि त्यावर जाहिरात छापली. साल छापलेलं सर्वांत जुनं ज्ञात कार्ड १८७९ चं आहे, कॅनडाचे तेव्हाचे गव्हर्नर जनरल मार्क्विस ऑफ लॉर्न यांच्या चित्राचं. पुढे व्हर्जिनियातल्या रिचमंडच्या अ‍ॅलन अँड जिंटर कंपनीनं ५०-५० चित्रांच्या मालिका काढल्या. १८८७ च्या आसपासच्या 'वर्ल्ड्स चॅम्पियन्स' मालिकेत बेसबॉलपटू, मुष्टियोद्धे आणि बंदुकीचे नेमबाज एकत्र आहेत. एक चित्र मिळालं की उरलेली ४९ हवीशी वाटतात आणि गिऱ्हाईक ब्रँड बदलत नाही. युक्ती एवढीच.

त्याच दशकात सिगारेट वळणारं यंत्र आलं. जेम्स बोनसॅकला त्याचं पेटंट १८८१ साली मिळालं. कुशल कामगार मिनिटाला चारेक सिगारेटी वळायचा, यंत्र दोनशेच्या आसपास. एवढा माल खपवायचा तर गिऱ्हाइकाला काहीतरी आमिष हवं, आणि ते या कार्डांनी पुरवलं. १८९० मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी झाली. स्पर्धाच उरली नाही, तेव्हा कार्डंही आटली. १९०९ ते १९११ या काळात ती पुन्हा जोरात आली आणि बेसबॉलची प्रसिद्ध टी२०६ मालिका त्याच वेळची.

ब्रिटनमध्ये ब्रिस्टलच्या डब्ल्यू. डी. अँड एच. ओ. विल्स कंपनीनं १८८७-८८ च्या सुमारास जाहिरातीची कार्डं सुरू केली. नॉटिंगहॅमच्या जॉन प्लेअर अँड सन्सची 'कॅसल्स अँड अ‍ॅबीज' ही मालिका १८९३ ची, तर विल्सची जहाजांची मालिका १८९५ ची. अमेरिकन कंपनी ब्रिटनमध्ये घुसू पाहत होती, तिला तोंड देण्यासाठी १९०१ मध्ये विल्स, प्लेअर आणि इतर अकरा जण एकत्र आले आणि इम्पीरियल टोबॅको उभी राहिली. हे विलीनीकरण संग्राहकानं लक्षात ठेवायलाच हवं, कारण कंपन्यांची नावं तशीच चालू राहिली आणि चित्रं मात्र अनेकदा सामायिक झाली. १९३८ ची 'एअर रेड प्रिकॉशन्स' ही बॉम्बहल्ल्यापासून बचाव शिकवणारी मालिका विल्सची म्हणून ओळखली जाते, पण तीच चित्रं इम्पीरियलमधल्या इतर कंपन्यांच्या नावानंही निघाली. पुढून सगळी सारखीच दिसतात.

पहिल्या महायुद्धात कागद टंचाईमुळे १९१७ पर्यंत कार्डं थांबली आणि १९२२ मध्ये परत आली. १९२२ ते १९३९ हा त्यांचा सुकाळ. दुकानाबाहेर पोरं घुटमळायची आणि पाकीट घेऊन निघालेल्या माणसाकडे कार्ड मागायची. १९४० मध्ये युद्धकाळातल्या कागदनियंत्रणानं हा प्रकार संपवला. नंतर काही किरकोळ प्रयत्न झाले, पण ती चाल परतली नाही. तिची जागा चहाच्या आणि च्युइंगगमच्या पाकिटांतल्या कार्डांनी घेतली. आपल्याकडे बिग फन गमबरोबर क्रिकेटपटूंची चित्रं जमवलेली पिढी आहे, ती त्याच घराण्याची शेवटची शाखा.

पहिली पायरी: पैसे खर्च करू नका, बघत राहा

पहिले काही आठवडे फक्त बघण्यात घालवा. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीच्या जॉर्ज अरेंट्स संग्रहातली हजारो कार्डं इंटरनेटवर फुकट बघता येतात. त्याच शहरातल्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडे जेफरसन बर्डिकनं दिलेल्या तीन लाखांहून अधिक छापील वस्तू आहेत. अमेरिकन कार्डांना टी२०६, एन२८ असे क्रमांक देणारी यादी याच माणसाची. 'एन' म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं आणि 'टी' म्हणजे विसाव्या शतकातलं तंबाखूचं कार्ड. संधिवातानं हात आखडलेले असताना त्यानं वर्षानुवर्षं म्युझियममध्ये बसून कार्डं स्वतः वह्यांत डकवली. हो, गोंदानं डकवली. आजचा संग्राहक हे ऐकून कळवळतो. पण ती एकत्र राहिली ती त्याच्या या हट्टामुळेच.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये एडवर्ड व्हार्टन-टायगर यांचा सुमारे दहा लाख कार्डांचा संग्रह आहे. दुसऱ्या महायुद्धात हा गृहस्थ ब्रिटनच्या गुप्त मोहिमांत होता आणि उरलेलं आयुष्य त्यानं कार्डं जमवली. १९९५ मध्ये त्याच्या निधनानंतर ती म्युझियमकडे आली.

बघताना प्रत्येक कार्डाची मागची बाजूही उघडा. महिनाभरात विल्स, प्लेअर, चर्चमन, ऑग्डन, गॅलाहर या कंपन्यांच्या कार्डांच्या मागच्या बाजूची धाटणी नजरेत बसते. ती बसली की बाजारातल्या डब्यात हात घालायला हरकत नाही.

दुसरी पायरी: एक विषय, एक मालिका

'सगळंच जमवतो' म्हणणाऱ्याच्या घरी वर्षभरात सुट्या कार्डांचा ढीग होतो आणि एकही संच पूर्ण होत नाही. माझं मत स्पष्ट आहे: पहिली मालिका १९३० च्या दशकातली, ५० कार्डांची आणि सहज मिळणारी निवडा. प्लेअरची 'वाइल्ड बर्ड्स' (१९३२), विल्सची 'रेल्वे इंजिन्स' (१९३६) किंवा वर सांगितलेली 'एअर रेड प्रिकॉशन्स'. क्रिकेटवेड्यांसाठी प्लेअरची 'क्रिकेटर्स १९३८' आहे. त्यात ब्रॅडमन, हॅमंड, हटन सगळे भेटतात. या मालिका प्रचंड संख्येनं छापल्या गेल्या आणि लोकांनी जपूनही ठेवल्या, म्हणून पूर्ण संच आजही आटोक्यातल्या किमतीत मिळतो. जुनं म्हणजे महाग, हा आपल्याकडचा समज इथे फारसा चालत नाही.

भारताशी नातं असलेलं काही हवं असेल तर वाट जरा अवघड आहे, पण माझ्या दृष्टीनं तीच सर्वांत रंजक. ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या छत्राखालच्या पेनिन्सुलर टोबॅको कंपनीनं १९०९ मध्ये 'हिंदू गॉड्स' नावाची २५ कार्डांची मालिका भारतात काढली. देवांची चित्रं सिगारेटच्या पाकिटात! आज कोणी असं केलं तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. विल्सच्या 'सिझर्स' ब्रँडची कार्डं हा दुसरा प्रकार. सिझर्स म्हणजे कात्रीचं चित्र असलेली सिगारेट, जुन्या माणसांना आठवत असेल. तिच्याबरोबर भारतातल्या पलटणींची मालिकाही आली. या कार्डांच्या मागच्या बाजूवर ब्रँडचं नाव असतं आणि तेवढ्यावरूनच ती ब्रिटनमधल्या आवृत्त्यांपासून वेगळी ओळखता येतात. काही कार्डांची मागची बाजू कोरीच असते. तशी कार्डं संदर्भग्रंथ हाताशी असल्याशिवाय घेऊ नका.

क्रिकेटमध्ये आपल्याला आणखी एक धागा सापडतो. १९३६ मध्ये विजयानगरमच्या महाराजकुमारांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता आणि त्याच साली चर्चमन कंपनीनं काढलेल्या 'क्रिकेटर्स' मालिकेत इंग्लिश खेळाडूंबरोबर आपलेही खेळाडू आले. या मालिकेतली भारतीय कार्डं सुटी मिळतात, पण मागणी असल्यानं विक्रेता ती वेगळी काढून जादा भाव लावतो. शक्य असेल तर पूर्ण संच घ्या.

तिसरी पायरी: कार्ड तपासणं

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. हाताशी चार गोष्टी ठेवा: दहापट मोठं दाखवणारं भिंग, मिलिमीटरची पट्टी, नोटा तपासायला वापरतात तसली जांभळ्या उजेडाची छोटी यूव्ही टॉर्च, आणि त्याच मालिकेतली खात्रीची दोन-तीन स्वस्त कार्डं.

मागची बाजू आधी. त्यावर 'रीप्रिंट' किंवा एखाद्या आधुनिक प्रकाशकाचं नाव बारीक अक्षरात आहे का बघा. दुर्मीळ मालिकांच्या नकला उघडपणे छापून विकल्या जातात आणि त्यात गैर काही नाही. गैर सुरू होतं ते कोणीतरी ती ओळ खरवडून कार्ड चहाच्या पाण्यात पिवळं करतो तेव्हा. लंडनच्या टॅडी कंपनीची 'क्लाउन्स अँड सर्कस आर्टिस्ट्स' ही २० कार्डांची मालिका याचं ठळक उदाहरण. ती कधी रीतसर बाजारात आलीच नाही, १९२० मध्ये कंपनीही बंद पडली आणि मोजकेच संच उरले. तुम्हाला कोणी टॅडीचे विदूषक हजार रुपयांत देत असेल तर ती नक्कल आहे, पुढची तपासणी करण्यात वेळ दवडू नका.

मग छपाई. १९१४ च्या आधीची बरीच कार्डं लिथोनं, एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून छापली जात. विल्सची कार्डं छापणारी ब्रिस्टलची मार्डन, सन अँड हॉल ही नावाजलेली कंपनी होती. अशा छपाईत भिंगाखाली अनियमित ठिपके आणि सपाट रंग दिसतात. आधुनिक ऑफसेटमध्ये चार रंगांच्या ठिपक्यांची नेमकी जाळी दिसते, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी. पण इथे घाई नको. नंतरच्या काळातली काही खरी कार्डंही ठिपक्यांच्या जाळीनं छापलेली आहेत, आणि ऑग्डनच्या 'गिनी गोल्ड' मालिकेतली कार्डं तर चक्क फोटोच्या प्रती आहेत. म्हणून शेजारी त्याच मालिकेतलं खात्रीचं कार्ड ठेवूनच तुलना करा. मागच्या अक्षरांच्या कडा बघा: मूळ कार्डात त्या स्वच्छ असतात, फोटो काढून केलेल्या नकलेत त्या फुगीर किंवा तुटक होतात.

आता खोलीत अंधार करून टॉर्च मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून घालायची चमकदार रसायनं साधारण १९५० च्या आसपास सर्रास वापरात आली. त्याआधीचा कागद या उजेडात मंद, पिवळट राहतो. झगझगीत निळसर पांढरा चमकला तर कार्ड नवं. न चमकणं मात्र खरेपणाचा पुरावा मानू नका, कारण नकलाकाराला जुना कागद मिळू शकतो.

शेवटी माप. नेहमीचं कार्ड साधारण ६७ बाय ३६ मिलिमीटर, मोठं सुमारे ८० बाय ६२. घासलेले कोपरे लपवायला कडा कापण्याची चाल जुनी आहे. तुमच्या खात्रीच्या कार्डावर नवं कार्ड ठेवा. एखादी बाजू आखूड असेल, किंवा तीन कडा मळक्या आणि एकच कोरी असेल, तर ते बाजूला ठेवा. टी२०६ मधलं बेसबॉलपटू होनस वॅग्नरचं कार्ड जगातल्या सर्वांत महागड्या कार्डांपैकी एक. त्याची एक प्रत २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना गेली. पण याच कार्डाच्या सर्वांत गाजलेल्या प्रतीला ग्रेडिंग कंपनीनं (कार्डाची अवस्था तपासून गुण देणारी आणि ते प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करणारी कंपनी) १० पैकी ८ गुण दिले होते, आणि तिच्या कडा आपणच कापल्याची कबुली एका अमेरिकन लिलावदारानं २०१३ मध्ये कोर्टात दिली. सीलबंद प्लास्टिकच्या डबीतलं कार्ड म्हणजे निर्धास्त, असं समजणाऱ्यांसाठी एवढं पुरे.

चौथी पायरी: विकत घेणं

मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा जुना बाजार इथे कार्डं क्वचित मिळतात, बहुधा कुणाच्या जुन्या वहीत डकवलेली. नाण्यांच्या-तिकिटांच्या प्रदर्शनात एखाद्या टेबलाखाली डबा असतो. विचारल्याशिवाय तो बाहेर येत नाही. बाकी खरेदी ब्रिटनमधूनच करावी लागते. १९२७ पासून चालू असलेली लंडन सिगारेट कार्ड कंपनी दरवर्षी किमतीची सूची काढते; प्रत्यक्ष खरेदी कुठूनही करा, भावाचा अंदाज तिच्यावरून घ्या. कार्टोफिलिक सोसायटी ऑफ ग्रेट ब्रिटन ही संग्राहकांची संस्था १९३८ ची आहे आणि तिचे संदर्भग्रंथ या विषयातला आधार मानले जातात.

सूचीत सुट्या कार्डाची आणि पूर्ण संचाची किंमत वेगळी असते. सुटी घेत गेलात तर बेरीज बहुधा संचापेक्षा महाग पडते. पहिला आणि शेवटचा क्रमांक आणखी महाग, कारण मुलं गठ्ठ्याला रबर लावायची आणि बाहेरची दोन कार्डं झिजायची. म्हणून अर्धवट संच घेताना १ आणि ५० आहेत का आणि कसे आहेत, हे आधी विचारा. विक्रेत्याकडे पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागा. मागचा फोटो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून काही घेऊ नका. वहीतून ओरबाडून काढल्यानं मागचा मजकूर निघून गेलेलं कार्ड पुढून अगदी नवं दिसतं, पण संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत जवळपास शून्य.

ज्या मालिका निघता निघता राहिल्या, त्यांच्याबद्दल मोह होतो. १९१५ मध्ये, ब्रिटननं फ्रान्सला हरवलेल्या वॉटर्लूच्या लढाईला शंभर वर्षं होत होती म्हणून विल्सनं मालिका तयार केली; पण तेव्हा फ्रान्स मित्रराष्ट्र होतं, त्यामुळे ती बाजारात आणलीच नाही. आठव्या एडवर्डवरची मालिका त्यानं डिसेंबर १९३६ मध्ये राजत्याग केल्यामुळे नष्ट करण्यात आली, थोडी कार्डं वाचली. गोष्टी वाचायला छान आहेत, पण पहिल्या पाच वर्षांत या वाटेला जाऊ नका.

परदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क धरूनच भाव ठरवा. दोन पौंडांच्या कार्डावर त्याच्या कितीतरी पट खर्च होतो. चार-पाच जणांनी मिळून एकच पार्सल मागवणं परवडतं.

पाचवी पायरी: आपल्या हवेत जपणं

इंग्लिश पुस्तकांतला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. १९३० च्या दशकात विल्स आणि प्लेअर यांनी मागे गोंद लावलेली कार्डं काढली, म्हणजे ओली करून एका पेनीला मिळणाऱ्या अल्बममध्ये चिकटवता यावीत. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या जुलैमध्ये असा गठ्ठा कपाटात ठेवला तर ५० कार्डांची एक वीट होते. म्हणून कार्डं गठ्ठ्यात ठेवू नका. प्रत्येकाला स्वतंत्र खिसा असलेली पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पानं घ्या. स्टेशनरीच्या दुकानातलं वास येणारं मऊ पीव्हीसी नको. त्यातला तेलकट पदार्थ हळूहळू कागदावर उतरतो. खिसे असे निवडा की कार्ड दोन्ही बाजूंनी वाचता येईल.

पानांची फाइल हवाबंद डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. पुड्या पावसाळ्यात वारंवार सुकवून घ्या. डब्यात आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर टाका. काटा पन्नास टक्क्यांच्या आसपास राहिला की बरं. कसर हा दुसरा शत्रू. तिला गोंद आणि कांजी आवडते, आणि या कार्डांत दोन्ही आहेत. डांबरगोळ्या कार्डांना लागतील अशा ठेवू नका. फाइल महिन्यातून एकदा उघडून चाळणं हाच मोठा उपाय. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नका. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून आजोबांच्या फोटोपर्यंत सगळं लॅमिनेट करायची हौस आहे, पण कार्ड एकदा त्यात गेलं की परत येत नाही.

जुन्या वहीत चिकटवलेली कार्डं मिळाली तर ती वहीसकट ठेवा. पाण्यात भिजवून सोडवायचे प्रयोग काही जण करतात, त्यात रंग फुटतो, कागद सोलतो. हात शिवशिवत असतील तर फाटक्या, बिनकामाच्या कार्डांवर करून बघा.

सहावी पायरी: नोंद, अदलाबदल आणि विक्री

वही असो वा एक्सेल, प्रत्येक कार्डापुढे कंपनी, मालिका, साल, क्रमांक, मागच्या बाजूचा प्रकार, अवस्था, कुठून घेतलं आणि किती रुपयांना, एवढं लिहा. शेजारी हव्या असलेल्या क्रमांकांची यादी ठेवा आणि तीच फोनमध्येही; बाजारात उभं राहून '३४ आहे की ४३' हे आठवत नाही. दुबार कार्डांचं अदलाबदलीसाठी वेगळं पाकीट करा. अवस्था लिहिताना स्वतःच्या कार्डाला विकत घेणाऱ्याच्या नजरेनं बघा, म्हणजे पुढे वाद होत नाहीत.

विकायची वेळ आली तर संच फोडू नका. आणि कार्डं परदेशी गिऱ्हाइकाला पाठवणार असाल तर आधी त्यांचं वय बघा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या, ऐतिहासिक महत्त्वाच्या वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. १९०९ चे पेनिन्सुलरचे देव त्या वयात केव्हाच पोहोचले आहेत. त्यामुळे पार्सल बांधण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या कार्यालयात विचारा आणि वस्तू या कायद्यात बसत नसेल तर तसं प्रमाणपत्र घ्या. देशातल्या देशात शंभरी ओलांडलेली कार्डं विकतानाही पावती, दोन्ही बाजूंचे फोटो आणि तुमच्या नोंदवहीतल्या पानाची प्रत सोबत द्या.